तातेची निवड

श्रोतेहो, मैफलीत आपण गायकाचा गळा ऐकतो, वादकाचा हात पाहतो, आणि वाद्य जुने असेल तर त्याच्या कुळाचीही चौकशी करतो. परंतु ज्या एका वस्तूवर गज फिरतो आणि जिच्यातून स्वर प्रत्यक्ष जन्माला येतो, तिची विचारपूस सहसा कोणी करीत नाही. ती वस्तू म्हणजे तात. मेंढीच्या किंवा बकरीच्या आतड्यापासून वळलेल्या या दोरीचे नाव मराठीला नवे नाही. कापूस पिंजणाऱ्या पिंजाऱ्याच्या हत्याराला तात असते, यल्लम्माची गाणी म्हणणाऱ्या जोगत्याच्या चौंडक्याला तात असते आणि सारंगीच्या तीन मुख्य तारा तातेच्याच असतात. बालगंधर्वांच्या गाण्याला कादरबक्षांच्या सारंगीची साथ असे. आपल्या रंगभूमीच्या त्या वैभवातही या क्षुद्र दिसणाऱ्या दोरीचा वाटा होता.

गजाने वाजणाऱ्या वाद्यासाठी ही तात निवडावी कशी, याविषयी आज चार शब्द सांगावयाचे आहेत. मी व्यवसायाने वादक नव्हे. सरकारी हिशेब तपासणे हा माझा धंदा, आणि संध्याकाळी घरी व्हायोलिनवर गज फिरविणे हा माझा छंद. या दोन्ही गोष्टी एके दिवशी एकमेकींना येऊन भेटल्या, त्या पुण्यामुंबईत नव्हे, तर कावेरीकाठच्या पापनाशम या गावी.

पापनाशम हे तंजावर जिल्ह्यातील तालुक्याचे ठिकाण. तंजावरहून कुंभकोणमला जाणाऱ्या लोहमार्गावर ते लागते. कावेरीची कुडमुरुट्टी नावाची शाखा जवळून वाहते आणि चोहोंकडे भाताची शेते पसरलेली असतात. ‘पापनाशम शिवन’ या नावाने प्रसिद्ध असलेले तमिळ वाग्गेयकार याच गावाच्या नावाने ओळखले गेले. आपल्या दृष्टीने मात्र या मुलखाचे आणखी एक नाते आहे. शिवछत्रपतींचे सावत्र बंधू व्यंकोजी यांनी १६७५ च्या सुमारास तंजावरला राज्य स्थापिले. तेव्हापासून तेथे मराठी कुटुंबे वसली आणि त्यांपैकी कित्येकांच्या घरात आजही एक जुन्या वळणाची, तमिळच्या सहवासात वाढलेली मराठी बोलली जाते.

व्हायोलिन कर्नाटक संगीतात रुजले त्या कथेतही तंजावरचे नाव आहे. मुत्तुस्वामी दीक्षितरांचे धाकटे बंधू बालुस्वामी यांनी मद्रासजवळच्या मणली येथे असताना युरोपीय शिक्षकाकडून हे वाद्य शिकून घेतले. तंजावरचे दुसरे सरफोजी राजे १७९८ ते १८३२ या काळात गादीवर होते. त्यांच्या दरबारी पाश्चात्त्य वाद्यांचा वृंद होता आणि त्यांचे कारभारी वराहप्पय्यर हे स्वतः व्हायोलिन वाजवीत. तंजावरच्या प्रसिद्ध चार बंधूंपैकी वडिवेलु यांना तर त्रावणकोरच्या स्वाती तिरुनाळ महाराजांनी १८३४ मध्ये हस्तिदंती व्हायोलिन देऊन गौरविले. त्या काळी व्हायोलिनच्या तारा तातेच्याच असत. सर्वांत खालच्या स्वराच्या तातेवर तेवढी धातूची बारीक तार गुंडाळलेली असे. तेव्हा या वाद्याने गमक घ्यायला शिकले ते तातेवरच, असे म्हणावयास हरकत नाही.

एका फेब्रुवारीत कामानिमित्त माझा मुक्काम पापनाशमला पडला आणि तेथील एका मराठी कुटुंबात माझी उतरण्याची सोय झाली. घरातील वडीलधाऱ्यांना सगळे अण्णा म्हणत. ते निवृत्त शिक्षक. तरुणपणी देवळांतील आणि लग्नघरांतील गाण्यांना त्यांनी व्हायोलिनची साथ केलेली. त्यांच्या वडिलांचे व्हायोलिन कोनाड्यात लाकडी पेटीत ठेवलेले होते, पण त्यावर पोलादी तारा होत्या. अण्णांचे म्हणणे असे की, वडिलांच्या हातचा आवाज तातेचा होता. तो या तारांतून पुन्हा निघाला नाही. “एकदा तो आवाज ऐकावा आणि मग पेटी नातीच्या हवाली करावी, इतकेच मनात आहे,” असे ते म्हणाले.

माझ्याजवळ मुंबईहून आणलेला युरोपीय तातांचा एक नवा संच होता. तो मी मोठ्या उत्साहाने त्यांना देऊ केला. आम्ही दोघांनी दुपारभर बसून ताता चढविल्या. अण्णांनी आपल्या षड्जात, म्हणजे पांढरी दोनमध्ये, वाद्य मिळविले आणि गज लावला. निघाला तो आवाज नव्हता, कुजबुज होती. ताता सैल पडून बोटांच्या पट्टीवर आपटत होत्या. गज जरा दाबला की स्वर घसरे. अण्णांनी गज खाली ठेवला आणि सौजन्याने म्हणाले, “तुमच्या ताता चांगल्याच असतील. माझेच हात आता राहिले नाहीत.” हे वाक्य माझ्या मनाला लागले. दोष त्यांच्या हातांचा नव्हता, हे मला जाणवत होते. पण तो कोठे आहे, हे सांगता येईना.

त्या रात्री मी कागद-पेन्सिल घेऊन बसलो. तारेचा स्वर कशावर अवलंबून असतो याचा नियम मेर्सेन या फ्रेंच धर्मोपदेशकाने १६३६ मध्ये ग्रंथरूपाने मांडला. तो सोप्या शब्दांत असा : तार जितकी लांब आणि जितकी जाड, तितका तिचा स्वर खाली, आणि ताण वाढविला तर स्वर वर जातो, पण ताणाच्या प्रमाणात नव्हे, त्याच्या वर्गमुळाच्या प्रमाणात. म्हणजे कंपनसंख्या दुप्पट हवी असेल, तर ताण चौपट करावा लागतो. उलट, स्वर थोडा खाली आणला की ताण मात्र पुष्कळ उतरतो. माझ्या फजितीचे मूळ या ‘उलट’मध्येच होते.

युरोपीय व्हायोलिनच्या चार तारा खालून वर जी, डी, ए, ई अशा मिळवितात. कर्नाटक पद्धतीत त्या षड्ज, पंचम, षड्ज, पंचम अशा लावतात आणि षड्ज गायकाच्या गळ्याप्रमाणे ठरतो. षड्ज पांढरी दोनचा, म्हणजे युरोपीय भाषेत डीचा धरला, तर तारा डी, ए, डी, ए अशा होतात. खालच्या दोन तारा त्यामुळे युरोपीय स्वरापेक्षा चार स्वरांनी, म्हणजे षड्ज-मध्यमाच्या अंतराने उतरतात. वरच्या दोन तारा षड्ज-पंचमाच्या अंतराने उतरतात. आता हिशेब पाहा. षड्ज-मध्यमाचे गुणोत्तर ३ : ४. त्याचा वर्ग ९ : १६. म्हणजे खालच्या तारांवर मूळ ताणाचा निम्म्याहून थोडा अधिक भाग उरला. षड्ज-पंचमाचे गुणोत्तर २ : ३, त्याचा वर्ग ४ : ९. वरच्या तारांवर निम्मादेखील ताण राहिला नाही! ज्या व्हायोलिनच्या चार तारांचा मिळून ताण वीस-पंचवीस किलोच्या घरात असावयाचा, त्यावर मी त्याचा अर्धाच भार ठेवला होता. कोणाही उस्तादाच्या हातून त्यातून स्वर निघाला नसता.

मग उपाय कोणता? ताण तोच ठेवून स्वर खाली न्यावयाचा, तर तात जाड हवी. स्वर पंचमाने उतरवायचा असेल, तर जाडी दीडपट करावी लागते. व्हायोलिनची पहिली तात साधारण ०.६५ मिलिमीटरची असते. अण्णांना तिच्या जागी एक मिलिमीटरच्या आसपासची हवी होती. सारांश, जी तात युरोपीय वादक तिसऱ्या खुंटीला लावतो, ती अण्णांनी पहिलीला लावावी, असा तो हिशेब निघाला.

विचार करता करता आणखी एक गोष्ट ध्यानात आली. व्हायोलिनची थोरली बहीण जी व्हायोला, तिच्या तारा सी, जी, डी, ए अशा असतात. वरच्या दोन तर अण्णांच्याच स्वरांच्या. खालच्या दोन मात्र एका स्वराने उतरलेल्या. व्हायोलाच्या तारेची कंपित लांबी सुमारे ३७ सेंटिमीटर, तर व्हायोलिनची ३३ च्या आत. लांबी कमी झाली की स्वर आपोआप चढतो. हिशेब केला तेव्हा दिसले की, व्हायोलाच्या खालच्या दोन ताता व्हायोलिनवर चढवून एक स्वर वर मिळविल्या, तर त्यांवर जवळजवळ तोच ताण येतो, जो त्यांच्या मूळ वाद्यावर होता. वरच्या दोन मूळ ताणापेक्षा सुमारे एक-पंचमांश हलक्या राहतात. ते चालण्यासारखे आहे. पुरुषाच्या गळ्याला साथ करणारे कर्नाटक व्हायोलिन हे स्वरांच्या दृष्टीने निम्मे व्हायोलाच आहे, हे मला त्या रात्री कळले. गायक बालमुरलीकृष्ण व्हायोला वाजवीत, याचे मग नवल वाटेनासे झाले.

निवडीचा पहिला नियम येथेच हाती लागतो. तात विकत घेण्यापूर्वी, ती कोणत्या गळ्याला साथ करणार, हे विचारावे. पाकिटावरचे नाव आणि किंमत नंतर.

दुसरी पायरी म्हणजे तातेची पारख. त्यासाठी ती होते कशी, हे ठाऊक हवे. मेंढीचे लहान आतडे स्वच्छ करून क्षारयुक्त पाण्यात भिजवितात, खरवडून त्यातील मांसल आणि चरबीचा भाग काढून टाकतात. उरतो तो चिवट, तंतुमय पापुद्रा. त्याच्या पट्ट्या ओल्या असतानाच एकत्र घेऊन पीळ देतात, ताणून वाळवितात आणि शेवटी घासून गुळगुळीत करतात. जितक्या पट्ट्या अधिक, तितकी तात जाड. पीळ कमी असला तर तात ताणाला बळकट, पण ताठर होते. पीळ अधिक असला तर ती लवचिक होते, मात्र तेवढा ताण सोसत नाही. म्हणून वरच्या स्वराच्या तातेला कमी पीळ आणि खालच्या स्वराच्या तातेला अधिक पीळ असावा.

खालचे स्वर काढण्यासाठी तात नुसती जाड करीत गेल्यास एक वेळ अशी येते की, ती काठीसारखी वागू लागते. गज लावल्यावर उशिरा बोलते आणि बोलली तर घोगरे बोलते. यावर सतराव्या शतकात युक्ती निघाली, ती म्हणजे तातेवर चांदीची किंवा तांब्याची बारीक तार गुंडाळणे. त्यामुळे वजन वाढते, पण गाभा बारीक आणि लवचिक राहतो. खालच्या दोन खुंट्यांसाठी अशी गुंडाळलेली तात घेणे शहाणपणाचे. गुंडाळी सैल असेल तर ती झणझणते. म्हणून नखाने हलकेच सरकवून पाहावी.

साध्या तातेची परीक्षा जुने ल्यूटवादक करीत, ती आजही उपयोगी पडते. तात दोन्ही हातांत उजेडासमोर ताणून धरावी आणि अंगठ्याने छेडावी. कंप पावताना तिच्या दोन स्वच्छ कडा दिसल्या, तर ती सर्वत्र सारख्या जाडीची आहे असे समजावे. दोन कडांमध्ये तिसरी अंधुक रेषा नाचताना दिसली, तर ती कोठे तरी जाड आणि कोठे तरी बारीक आहे. अशा तातेवर मोकळा स्वर बरोबर लागला, तरी बोट ठेवलेले स्वर बेइमान होतात. ज्या संगीतात एका स्वरावरून दुसऱ्यावर बोट घसरत नेऊनच राग उभा करावयाचा असतो, तेथे हा दोष अक्षम्य आहे.

आता श्रोते विचारतील की, पोलादी तार असताना एवढी यातायात कशासाठी? प्रश्न रास्त आहे. पोलादी तार स्वस्त, टिकाऊ, हवेला न भिणारी. विसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांत युरोपात व्हायोलिनची पहिली तार पोलादी झाली आणि १९७० नंतर कृत्रिम धाग्याच्या गाभ्याच्या तारांनी उरलेल्या जागाही बऱ्याच अंशी घेतल्या. आपल्या दक्षिणेतील बहुतेक वादक आज पोलादी तारांवरच वाजवितात, आणि उत्तम वाजवितात. त्यांना नावे ठेवण्याचा अधिकार कोणालाही नाही.

फरक आहे तो आवाजाच्या जातीचा. हे समजून घ्यावयाचे तर गजाखाली काय घडते ते पाहिले पाहिजे. गज तारेला चिकटून ओढून नेतो, मग ती निसटून मागे येते, आणि हा खेळ प्रत्येक कंपनात एकदा होतो. या गतीचे पहिले शास्त्रशुद्ध वर्णन जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ यांनी केले. तिचा सांगोपांग गणिती विचार करणारा एक प्रबंध १९१८ मध्ये कलकत्त्याहून प्रसिद्ध झाला. त्याचे लेखक चंद्रशेखर वेंकट रामन. ते कावेरीकाठच्याच, त्रिचनापल्लीला जन्मलेले. १९०७ ते १९१७ ही दहा वर्षे त्यांनी सरकारी वित्तखात्यात नोकरी केली आणि कचेरीपूर्वी व कचेरीनंतरच्या वेळात कलकत्त्याच्या विज्ञानसंस्थेत जाऊन तारा आणि वाद्ये यांवर प्रयोग केले. हिशेबखात्यातील माणसाने तंतुवाद्यात लक्ष घालू नये, असे म्हणणाऱ्यांना मी हे उदाहरण सांगतो. अर्थात तुलनेचा हेतू यत्किंचितही नाही.

गजाच्या प्रत्येक ओढीत मूळ स्वराबरोबर अनेक उंच उपस्वर उठतात. पोलादाची घनता तातेच्या सहापट. म्हणून त्याच स्वराची, त्याच ताणाची पोलादी तार तातेच्या निम्म्याहूनही बारीक असते, आणि ती आपले उंच उपस्वर दीर्घकाळ जिवंत ठेवते. आवाज त्यामुळे तेजस्वी, धारदार होतो. तातेच्या अंगच्या तंतूंत घर्षण अधिक. ते उंच उपस्वर लवकर गिळून टाकते. आवाज थोडा कमी, परंतु मऊ आणि मानवी कंठाच्या जवळचा होतो. सारंगीला गळ्याची सावली म्हणतात, तिचे एक कारण तिची तात आहे. जेथे ध्वनिक्षेपक असेल, मोठी सभा असेल, प्रवास असेल, तेथे पोलादी तार घ्यावी. घरी, देवळात, एका गळ्याच्या मागे चालावयाचे असेल, तर तात. ही निवड चांगल्या-वाईटाची नाही; कामाची आहे.

मुंबईस परतल्यावर मी व्हायोलाच्या तातांचा संच मिळवून पापनाशमला धाडला आणि सोबत हिशेबाचा कागदही जोडला. त्यानंतर पुन्हा तिकडे जाण्याचा योग आला तो नोव्हेंबरात. तमिळनाडूचा मुख्य पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर या महिन्यांत ईशान्येकडून येतो. शेते तुडुंब भरलेली, भिंतींना ओल, कपडे दोन दिवस वाळत नव्हते. अण्णा म्हणाले, “ताता बोलतात, पण एका जागी राहात नाहीत.” याचेही कारण सरळ आहे. तात हवेतील दमटपणा पिते, फुगते, आणि तिचा पीळ हलतो. युरोपात जुन्या काळी खेळण्यातले एक घर करीत. पाऊस येणार असला की त्यातून एक बाहुली बाहेर येई आणि हवा कोरडी झाली की दुसरी. त्या बाहुल्या फिरविणारा धागा तातेचाच असे. जी वस्तू हवामान सांगण्यासाठी वापरीत, ती सुरात स्थिर राहील अशी अपेक्षा पावसाळ्यात कशी करावी?

पापनाशमजवळ तिरुप्पालैत्तुरै येथे सतराव्या शतकातील, नायक राजांच्या वेळचे एक विटांचे धान्यकोठार आहे. ते दाखवीत अण्णा म्हणाले, “भाताला आणि तातेला एकच पथ्य. ओल लागू द्यायची नाही.” त्या पथ्याची कलमे थोडक्यात अशी : ताता पाकिटात मिटून, कोरड्या डब्यात ठेवाव्या. वाजविल्यावर घाम आणि राळ मऊ कापडाने पुसावी. साध्या तातेवर अधूनमधून बदामाच्या तेलाचे एक बोट फिरवावे; मात्र गज लागतो त्या जागी नव्हे. घोडीवरील आणि मानेच्या टोकावरील खाचा तातेच्या जाडीच्या असाव्या आणि त्यांत पेन्सिलीचे शिसे घासावे, म्हणजे तात तेथे कापली जात नाही. जाड तातांसाठी आम्हाला या खाचा कानशीने रुंद करून घ्याव्या लागल्या. नवी तात चढविल्यावर दोन-तीन दिवस ती ताणत राहते. तोवर तिच्यावर मैफल करू नये. आणि एक तात नेहमी राखीव असावी.

त्या मुक्कामात अण्णांनी वडिलांच्या व्हायोलिनवर पांढरी दोनमध्ये आलाप वाजविला. तो आवाज त्यांच्या वडिलांचाच होता की काय, हे मी कसे सांगणार? त्यांनी वाजविणे थांबविले आणि बराच वेळ खुंट्यांवरून हात फिरवीत राहिले, एवढे मी पाहिले.

मग त्यांनी नातीला हाक मारली. ती गाणे शिकत होती आणि तिचा षड्ज पांढरी पाचचा, म्हणजे जीचा. अण्णा त्या जाड ताता तिच्या स्वरापर्यंत चढवू लागले, तेव्हा मी त्यांचा हात धरला. स्वर षड्ज-मध्यमाने वर न्यावयाचा, तर ताण पावणेदोन पटींहून अधिक होतो. तात तुटेल, किंवा त्या जुन्या वाद्याची वरची फळी दबेल. तिच्या गळ्यासाठी तारा जी, डी, जी, डी अशा हव्या होत्या. म्हणजे युरोपीय संचातील खालच्या दोन जशाच्या तशा, आणि वरच्या दोन केवळ एका स्वराने उतरलेल्या. फेब्रुवारीत ज्या पाकिटाने माझी फजिती केली होती, तेच अण्णांनी नीट मिटून भाताच्या कोठीशेजारच्या कोरड्या डब्यात जपून ठेवले होते. आम्ही ते उघडले. अण्णांच्या गळ्याला जो संच कुचकामी ठरला होता, तो त्यांच्या नातीच्या गळ्याला जवळजवळ नेमका बसला. तिच्यासाठी वरच्या दोन ताता किंचित जाड घ्याव्यात, एवढीच दुरुस्ती मी कागदावर लिहून दिली.

श्रोतेहो, चांगली तात कोणती, या प्रश्नाला एकच उत्तर नाही, हे मला त्या दोन संचांनी शिकविले. आधी गळा ओळखावा, मग हिशेब करावा, मग उजेडासमोर धरून पारख करावी, आणि शेवटी गावच्या हवेला विचारावे. त्या संध्याकाळी बाहेर पाऊस पडत होता, नात गात होती, आणि अण्णा दर पाच मिनिटांनी थांबून, न कंटाळता, खुंटी पिळून तात सुरात आणीत होते.